नमुना खेळाडूचा, गुन्हा कुणाकुणाचा?

2019 च्या एप्रिलमध्ये दोहा इथं झालेल्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नाशिकची संजीवनी जाधव 10000 मीटर धावली आणि कांस्यपदक घेऊन आली. काही महिन्यांतच ते पदक हातचं गेलं. 2018 मध्ये घेतलेल्या तिच्या लघवीच्या नमुन्यात प्रोबेनेसिड नावाचं औषध सापडलं होतं. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या उत्तेजकविरोधी यंत्रणेनं तिच्यावर 2 वर्षांची बंदी घातली. याच मुलीनं 2017 मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत 5000 मीटरचं कांस्य आणि तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत 10000 मीटरचं रौप्य मिळवलं होतं. तेव्हा ती 'आपली' होती. बंदी आली आणि बहुतेक लोक गप्प झाले. जे बोलले त्यांच्याकडे दोनच वाक्यं होती. एक, "पकडली गेली म्हणजे चोरी केलीच असणार." दुसरं, "तिला कुणीतरी अडकवलं असणार."

ही दोन्ही वाक्यं आळशी आहेत. निकाल लागलेला आहे आणि तो उलटवायला मी बसलेलो नाही. माझं भांडण वेगळं आहे. या देशात उत्तेजक चाचणी होते ती फक्त खेळाडूच्या लघवीची. त्या लघवीपर्यंत औषध कुठल्या रस्त्यानं आलं, कुणी सांगितलं, कुणी विकलं, कुणी पाहून न पाहिल्यासारखं केलं, याची चाचणी होत नाही. नमुन्याच्या बाटलीमागे नाव एकट्या खेळाडूचं असतं आणि शिक्षाही एकट्या त्याचीच होते. ही व्यवस्था स्वतःला निष्पक्ष म्हणवते. मला ती अर्धवट वाटते, आणि तिचं उरलेलं अर्धं काम आपल्या शाळांनी, तालमींनी आणि मोहल्ल्यांनी करायचं आहे, असं माझं म्हणणं आहे.

मी क्रीडा पत्रकार नाही, डॉक्टरही नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर आहे. पण या प्रकरणातला मोठा भाग भाषेचाच आहे, म्हणून मास्तरानं बोलायला हरकत नसावी.

आधी नियम समजून घेऊ. जगभरातल्या खेळांसाठी निषिद्ध द्रव्यांची यादी 'वाडा' ही जागतिक संस्था काढते. ती 1999 मध्ये स्थापन झाली. भारतात तिचे नियम राबवते ती 'नाडा'. (वर्गात नाडा म्हटलं की मुलं हसतात. हसू द्यावं, निदान नाव तरी लक्षात राहतं.) या नियमांचा पाया एकच आहे. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. त्यानं मुद्दाम घेतलं की नकळत पोटात गेलं, हा प्रश्न नंतरचा. शिक्षा कमी करून हवी असेल तर ते द्रव्य शरीरात आलं कसं, हे सिद्ध करण्याचं ओझंही त्याच्याच डोक्यावर.

आता प्रोबेनेसिड. हे काही ताकदीचं औषध नाही. ते मूळचं गाऊटचं, म्हणजे युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजतात त्या आजाराचं. पेनिसिलिन शरीरात जास्त वेळ टिकावं म्हणूनही डॉक्टर ते देत आले. मूत्रपिंडातून काही द्रव्यं बाहेर पडण्याचा वेग ते मंदावतं. त्यामुळे एखाद्यानं स्टेरॉइड घेतलं असेल तर ते लघवीत कमी दिसतं. म्हणून त्याची गणना 'झाकणाऱ्या' औषधांत होते आणि ते निषिद्ध आहे. 1988 च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत पेद्रो देल्गादो या स्पॅनिश सायकलपटूच्या नमुन्यात हेच सापडलं होतं. ऑलिंपिक समितीच्या यादीत ते होतं, सायकल संघटनेच्या यादीत तेव्हा अजून आलेलं नव्हतं. देल्गादोला काहीही झालं नाही आणि ती शर्यत त्यानं जिंकली. तेच औषध आणि तशीच लघवी, तरी एकाला विजेतेपद आणि दुसरीला बंदी. मध्ये फरक एका यादीचा. म्हणजे ती यादी माहीत असणं हे खेळाडूसाठी पळण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

ही यादी दरवर्षी बदलते. तिचा अधिकृत मजकूर इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये असतो आणि दोघांत फरक निघाला तर इंग्रजी ग्राह्य धरतात. मराठी किंवा उर्दू शाळेच्या क्रीडाशिक्षकाच्या टेबलावर मी ती आजवर पाहिलेली नाही, ना मराठीत ना उर्दूत. नाशिक जिल्ह्यातून पळणारी मुलं कुठून येतात ते आठवून पाहा. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10000 मीटरचं कांस्य जिंकली. चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंग करून आला. अशा कष्टाळू खेळाडूंकडे बघून पाड्यावरची, वस्तीवरची मुलं पहाटे रस्त्यावर पळायला लागली. त्या मुलांना ताप आला की गावातला डॉक्टर जे देईल ते ती घेतात. औषधाच्या पाकिटावरचं नाव त्यांना वाचता येतं, पण त्याचा अर्थ लागत नाही.

आणि हा अर्थ लागणं किती अवघड आहे पाहा. खोकल्याच्या कित्येक साध्या औषधांत टर्ब्युटालिन असतं, ते निषिद्ध. आजीच्या रक्तदाबाच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड निषिद्ध. गुडघा दुखतो म्हणून टोचलेलं डेक्सामेथासोन 2022 पासून स्पर्धेच्या काळात निषिद्ध, मग ते शिरेत टोचा नाहीतर सांध्यात. यातलं एकही औषध चोरबाजारातलं नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरातल्या औषधांच्या डब्यात यातलं काही ना काही सापडेल.

इथं मला दोन क्रिकेटपटू आठवतात. बडोद्याचा युसूफ पठाण आणि विरारचा पृथ्वी शॉ. दोघांच्याही नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं, दोघांनीही खोकल्याच्या औषधाचं कारण दिलं आणि दोघांचंही म्हणणं क्रिकेट मंडळानं मान्य केलं. युसूफला 5 महिन्यांची बंदी झाली. ती मागच्या तारखेपासून मोजली गेल्यामुळे जानेवारी 2018 मध्ये जाहीर झाली तेव्हा तिचे जेमतेम काही दिवस उरले होते. पृथ्वी शॉला 8 महिने. तीही मागच्या तारखेपासून, आणि जाहीर झाली जुलै 2019 मध्ये. तेव्हा क्रिकेट मंडळ नाडाच्या कक्षेतच नव्हतं, आपल्या खेळाडूंची चाचणी आणि निवाडा ते स्वतःच करत होतं. ते नाडाखाली आलं ऑगस्ट 2019 मध्ये.

त्या दोघांना जास्त शिक्षा व्हायला हवी होती, असं मी म्हणत नाही. उलट, खोकल्याच्या औषधासाठी एखाद्याचं करिअर संपू नये, हेच बरोबर आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की असं 'पटणारं कारण' मांडायला काय लागतं? डॉक्टरचा कागद लागतो, औषधाचं बिल लागतं, वकील लागतो, द्रव्याचं प्रमाण वाचून सांगणारा तज्ज्ञ लागतो आणि हे सगळं मुदतीत लागतं. क्रिकेटपटूकडे ते असतं. शेतमजुराच्या पोरीकडे गावातल्या डॉक्टरनं साध्या कागदावर खरडलेली चिठ्ठीसुद्धा जपून ठेवलेली नसते. नियम दोघांना एकच असेल, पण त्या नियमातली सवलत मिळवायला पैसा लागतो.

आता 'अडकवलं' म्हणणाऱ्यांकडे वळतो. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला, मुंबईतल्या एका दूधवाल्याचा मुलगा नरसिंग यादव आठवतो ना? 2015 च्या जागतिक स्पर्धेत त्यानं कांस्य जिंकून 74 किलो गटात रिओची जागा मिळवली. ती जागा कुणाची यावरून सुशील कुमार दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि हरला. मग नरसिंगच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड निघालं. माझ्या खाण्यात कुणीतरी मिसळलं, असं तो म्हणाला. नाडाच्या समितीनं 1 ऑगस्ट 2016 रोजी ते मान्य करून त्याला मोकळं केलं. वाडा क्रीडा लवादात गेली. 18 ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादानं कटाचा पुरेसा पुरावा नाही म्हणून 4 वर्षांची बंदी घातली. महाराष्ट्रातल्या तालमी आजही या विषयावर दोन तट करून भांडतात. पण भांडताना आपण एक गोष्ट सोयीनं विसरतो. आपला माणूस पकडला गेला की आपल्याला कट दिसतो आणि दुसऱ्याचा पकडला गेला की चोर दिसतो. जात, गाव, धर्म, प्रांत, ज्याला जो चष्मा हवा तो घालतो. मुस्लिम समाजही याला अपवाद नाही. आपल्यातला कुणी सापडला की "नावामुळे टार्गेट केलं" हे वाक्य तयारच असतं. अन्याय होतो तिथं जरूर बोलावं. पण लघवीच्या नमुन्यावर नाव नसतं, नंबर असतो. प्रयोगशाळेतल्या यंत्राला मजहब कळत नाही.

यंत्राला आणखीही एक गोष्ट कळत नाही. ते द्रव्य ओळखतं, देणारा ओळखत नाही. 2011 मध्ये भारताच्या महिला रिले संघातल्या धावपटू स्टेरॉइडमध्ये सापडल्या. प्रशिक्षकांनी आणून दिलेल्या जिनसेंगमधून ते आलं असावं, असं त्यांनी सांगितलं. युक्रेनचे प्रशिक्षक युरी ओगोरोद्निक यांना सरकारनं काढून टाकलं, ते निघून गेले. मुलींना शेवटी 2 वर्षांची बंदी झाली. छावणी सरकारी, प्रशिक्षक सरकारनं नेमलेला, खाणंपिणं त्याच छावणीतलं, आणि जबाबदारी मात्र वैयक्तिक! 2022 च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याखाली प्रशिक्षक, डॉक्टर, फिजिओ यांनाही दोषी धरता येतं. निषिद्ध द्रव्य पुरवणं, घ्यायला लावणं हेही उल्लंघनच आहे. मग वाचकांनी जरा आठवून पाहावं. बंदी आलेल्या खेळाडूंची चार नावं आपण सहज सांगू. बंदी आलेल्या प्रशिक्षकांची किती सांगता येतील?

यंत्रणा स्वतःला किती सांभाळून घेते तेही पाहा. ऑगस्ट 2019 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेनं निकष पाळले नाहीत म्हणून वाडानं तिची मान्यता स्थगित केली. ती परत मिळाली डिसेंबर 2021 मध्ये. तिथं निकष कुणामुळे पाळले गेले नाहीत, त्या माणसांची नावं, वय, गाव आपल्यापैकी किती जणांनी वाचली? खेळाडूचं मात्र सगळं छापून येतं.

वाडाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये भारतात 3865 नमुने तपासले, 125 मध्ये निषिद्ध द्रव्य आढळलं. 2023 मध्ये 5606 पैकी 213. 2024 मध्ये 7113 पैकी 260. म्हणजे शेकडा साडेतीनच्या वर. मोठ्या प्रमाणात चाचण्या करणाऱ्या देशांत आपण वरच्या टोकाला आहोत. चीननं 2023 मध्ये 28 हजारांवर नमुने तपासले आणि तिथलं प्रमाण शेकडा 1 च्याही बरंच खाली होतं. यावर ठरलेलं उत्तर येतं की आपण जास्त तपासतो म्हणून जास्त सापडतात. चीनचा आकडा या उत्तराची हवा काढतो. आणि सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीत काय झालं? राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे लोक आल्याची खबर लागली आणि खेळाडू मैदान सोडून पळाले. पुरुषांच्या 100 मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला. स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज सापडल्या. ही पोरं अजाण नव्हती. त्यांना नीट माहीत होतं. म्हणून सगळे निरागस आहेत असं मी म्हणणार नाही. काही अडाणीपणामुळे सापडतात, काही ठरवून घेतात. पण एका स्पर्धेतले इतके सगळे एकाच वेळी पळतात तेव्हा त्या सिरिंज प्रत्येकानं आपापल्या अकलेनं आणल्या नसतात. त्यामागे दुकान असतं आणि दुकानाला गिऱ्हाईक आणून देणारा कुणी 'सर' असतो.

हे दुकान दिल्लीतच आहे असं समजू नका. आपल्या वस्तीतल्या जिममध्ये डोकावा. इथं कुणाला ऑलिंपिकला जायचं नाही. कुणाला पोलीस भरतीत 1600 मीटर पळायचं आहे, कुणाला क्रीडा कोट्यातली 5 टक्क्यांतली जागा हवी आहे, कुणाला बोर्डाचे सवलतीचे गुण हवेत, तर कुणाला ईदच्या दिवशी टाइट शर्टात दंड दाखवायचे आहेत. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वर आणायचं मेफेन्टरमिनचं इंजेक्शन जिममधली पोरं घेतात. राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी त्याचे साठे पकडले आहेत. ते वाडाच्या यादीतही आहे. हृदयाचे ठोके वाढवतं, डोकं फिरवतं, सवय लावतं. स्टेरॉइड त्याहून वाईट. शरीर स्वतःचं संप्रेरक बनवायचं थांबवतं, यकृत आणि हृदय बिघडतं, बाप होण्याची क्षमता जाऊ शकते. मुलींचा आवाज घोगरा होतो आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होईलच असं नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याला मी विचारलं, "काय टोचून घेतोस रे?" तो म्हणाला, "सर, कुछ नहीं होता. सब लेते हैं." मी विचारलं, नाव काय औषधाचं? नाव त्याला माहीत नव्हतं. हाच मुलगा प्रोटीनच्या डब्यावर हलालचा शिक्का आहे का ते तपासतो, कॅप्सूलचं जिलेटिन कशाचं म्हणून मौलानांना विचारतो. चांगली गोष्ट आहे, विचारावं. पण सुईतून रक्तात काय जातं हे विचारायची गरज त्याला वाटत नाही. शरीर ही अमानत आहे असं आपण जुम्म्याला ऐकतो आणि संध्याकाळी जिममध्ये त्या अमानतीत खयानत करतो. शिवाय फसवून जिंकलेली जागा ही दुसऱ्या कुणाच्या तरी मेहनतीची असते. भरतीच्या मैदानावर एका सेकंदानं मागे पडलेला मुलगाही कुणाचा तरी कमावता होणार होता. यापेक्षा सरळ हक्कमारी कोणती?

दोन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला असा की कायद्याचं अज्ञान ही सबब नसते. मान्य. पण ज्यानं कायदा केला, त्यानं तो लोकांच्या भाषेत सांगायचा असतो. नापास करण्याचा अधिकार मास्तराला आहे, पण आधी धडा शिकवलेला असला पाहिजे. दुसरा आक्षेप याच्या उलटा आहे. सगळेच घेतात तर मग चाचण्या बंद करा, ज्याला घ्यायचं त्याला घेऊ द्या. असं म्हणणारे विसरतात की तेव्हा शर्यत माणसांची न राहता औषधांची होईल, आणि औषधांच्या शर्यतीत पाड्यावरची पोर पहिल्या दिवशीच बाद. स्वच्छ मैदान ही गरिबाची गरज आहे. चाचणी हवीच. ती अधिक हवी, अचानक हवी, भरतीच्या मैदानावरही हवी. फक्त ती बाटलीपाशी थांबता कामा नये.

मग करायचं काय? खेळाडू दोषी ठरला की त्याच्या प्रशिक्षकाची, डॉक्टरची आणि छावणीची चौकशी आपोआप सुरू व्हावी आणि तिचा निष्कर्ष खेळाडूच्या नावाइतकाच ठळक छापला जावा. निषिद्ध औषधांची सोपी यादी, इथल्या बाजारातल्या नावांसह, मराठीत आणि उर्दूत प्रत्येक जिल्हा क्रीडा कार्यालयात, तालमीत आणि शाळेत लावली जावी. चिठ्ठीशिवाय अशी इंजेक्शनं विकणाऱ्या दुकानावर कारवाई व्हावी. आणि बंदी आलेल्या गरीब खेळाडूला सुनावणीसाठी सरकारी खर्चानं वकील आणि तज्ज्ञ मिळावा. फौजदारी खटल्यातल्या आरोपीला तो मिळतो, मग धावपटूला का नाही?

हे होईल तेव्हा होईल. आपल्या हातातलं मात्र आजच सुरू करता येईल. क्रीडाशिक्षकांनी मुलांना सांगावं की डॉक्टरसमोर बसल्यावर पहिलं वाक्य "मी स्पर्धेत खेळतो" हे असलं पाहिजे. चिठ्ठी आणि बिल जपून ठेवावं. जिमचा फलक लावणाऱ्या मोहल्ल्यातल्या दानशूर मंडळींनी एकदा त्या जिमची कचरापेटीही बघावी. आणि आई-अब्बांनी पोराचे दंड महिन्याभरात फुगलेले पाहून माशाअल्लाह म्हणण्याआधी त्याला जवळ बसवून विचारावं, हे कशानं झालं, आणि ते तुला कुणी दिलं?